दहा मीटर बायोथेन दोरी: पट्टा झकास, हुक टाकाऊ

बायोथेन म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला विणीव पट्टा; कुत्र्याला शिकवायची ही त्याची लांब दोरी. शिमग्याच्या सुमारास ऑनलाइन मागवली होती, दिवाळी उलटल्यावर लिहितोय. आमची जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर (पक्ष्याचा वास आला की थबकून दाखवणारी शिकारी जात) चिमी गोव्यात डिचोलीकडच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, हिच्यावरच तयार झाली.

शिकारीसाठी नव्हे. १९७२च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्याला मारणंच नव्हे, हाकणंसुद्धा शिकारीत मोडतं. त्यामुळे कुत्रीने वास धरून उभं राहायचं आणि तिथंच थांबायचं. उभं राहणं तिच्या रक्तात असतं. थांबणं शिकवावं लागतं, आणि ते लांब दोरीशिवाय होत नाही. सरावाला शेजाऱ्यांची पाळीव कबुतरं, गवतात झाकलेल्या पिंजऱ्यात. दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो, म्हणून पिंजरा पश्चिमेला ठेवून आम्ही पूर्वेकडून येतो. चिमी मान ताणून, पुढचा पाय उचलून थबकली की दोरी गोळा करत मागून जायचं आणि अगदी हलका ताण द्यायचा. मागे ओढ लागली की ती आणखी घट्ट रोवून उभी राहते. हे बघण्यासारखं असतं!

सुरुवातीला ही दोरी मला आवडलीच नव्हती. गुळगुळीत, हातातून सुळकन निसटते, हातमोजे घालावे लागतात. तीन तारे द्यायचे ठरवलं होतं. पावसानंतर मत पार बदललं. जुनी सुती दोरी भिजली की आठवडाभर वाळत नसे, बुरशी धरायची आणि कुसळांनी भरून जायची. ही करवंदीच्या जाळीतूनही न अडकता येते. लाल चिखल नळाखाली धरला की साफ. गुळगुळीतपणा हाच हिचा गुण.

पण हुक! पितळी म्हणून विकलेला हुक वरून पिवळा, आतून भलताच धातू. गणपतीपर्यंत मुलामा पापुद्र्यांसारखा सुटला, चिखलाने स्प्रिंग अडकली आणि जीभ अर्धी उघडीच राहू लागली. एका सकाळी समोरून लांडोर उठली आणि हुक चिमीच्या गळपट्ट्यातून सुटला. चिमी हाक ऐकून थांबली, म्हणून निभावलं. मी मात्र घामाघूम. सड्यावर फुरशी असतात, खाली चिरेखाणीचा कडा आहे; सुटलेली कुत्री म्हणजे जिवाशी खेळ.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘हुकावर वॉरंटी नाही, नवीन दोरी घ्या.’ पट्ट्यावर ओरखडासुद्धा नाही आणि मी पुन्हा बाराशे रुपये घालू? दोरीचा अख्खा भार ज्या दोन इंचांवर येतो तिथंच यांनी पैसे वाचवले, याचा मला अजून संताप आहे.

शेवटी मालीम जेटीजवळ होड्यांचं सामान मिळतं तिथून ३१६ ग्रेड स्टेनलेसचा हुक आणला. खाऱ्या हवेत हा टिकतो. म्हापशाच्या चांभाराने जुना कापून नवा दोन रिव्हेटांनी बसवला. सगळं मिळून नव्या दोरीच्या चौथाईतही नाही.

पट्ट्याला पाच तारे, हुकाला शून्य. घेणार असाल तर विक्रेत्याकडे बिनहुकाचा पट्टा मागा आणि हुक स्वतः निवडून बसवा.