जीपच्या हुडाला सीम सीलर लावला: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारं द्रावण, लावल्यावर छताच्या शिवणी कोरड्या राहिल्या, पुढच्या काचेवरची शिवण अजून थोडी पाझरते आणि हुडाच्या चेनसाठी (झिपसाठी) सीलरचा काडीचाही उपयोग नाही.

आमच्या जुन्या जीपचं हूड, म्हणजे घडी होणारं कापडी छत, कोटिंगवाल्या सिंथेटिक कापडाचं आहे. पाणी कापडातून नाही, सुईच्या भोकांतून यायचं. सुती कॅनव्हास भिजलं की फुगतं आणि भोकं बरीचशी बुजतात. हे कापड फुगत नाही. शिवाय दोरा वातीसारखं पाणी आत ओढतो, त्यामुळे शिवण एकीकडे आणि थेंब भलतीकडे. गळती शोधायला बाहेरून पाईपने खालून वर हळूहळू पाणी सोडलं. आत टॉर्च घेऊन बायको: "अहो, थांबा! आरशाच्या डावीकडे आलं बघा."

सीलर घेण्याआधी दोऱ्यावर नख घासून बघा. उन्हाने दोरा कुजला असेल तर वरून काहीही फासा, शिवण उसवणारच. आमच्या एका बाजूचा तसाच निघाला. नागपूरच्या इतवारी बाजारातून जाड पॉलिस्टर दोरा आणला आणि सीटकव्हरवाल्याकडून पुन्हा शिवून घेतलं, तेही जुन्याच भोकांतून. तो कुरकुरला, पण नवी भोकं म्हणजे नवी गळती.

तंबूसाठी मिळतो तो पॉलियुरेथेनचा सीलर घेतला. शिवण स्पिरिटने पुसून ब्रशने दोन पातळ हात दिले. मे महिना होता, म्हणून काम सूर्य वर यायच्या आत उरकलं. दुपारी ब्रश फिरवेपर्यंत साय धरते. प्लास्टिकच्या खिडक्यांना मास्किंग टेप लावाच, यातल्या सॉल्व्हंटने त्या पांढुरक्या पडू शकतात. पूर्ण वाळल्यावर थोडी टाल्कम पावडर चोळली, नाहीतर घड्या एकमेकींना चिकटतात.

"मेण घासा, स्वस्तात काम होते," असं सांगणारे खूप भेटले. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. आपल्याकडे पारा ४५ वर असताना उन्हातलं काळं हूड तिथवर सहज पोचतं, मग बसा शर्ट धूत. बाथरूमचं सिलिकॉनही नको: त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही, सगळं खरवडावं लागतं.

जुलैत झड लागली तेव्हा गाडी रात्रंदिवस उघड्यावर होती. मागची सीट कोरडी. पण याचं सगळं श्रेय सीलरला देणार नाही. दोन कमानींच्या मध्ये कापड सैल होऊन पाणी साचायचं, ते पट्टे ओढून ताणून घेतलं. त्यानेही मोठा फरक पडला. काचेवरची शिवण उभ्या गाडीत गळत नाही, वर्धा रोडला वेग घेतला की वारा पाणी आत रेटतो.

आता रंग किंचित पिवळा झालाय आणि घडीच्या जागी सीलरला बारीक तडे गेलेत. तिथे दिवाळीनंतर पुन्हा एक हात देईन. चेनवर मात्र बाहेरून कापडाची झडप शिवून घेणार आहे. सीटकव्हरवाल्याला माप देऊन ठेवलंय.