ह्यूस्टनमधला आमचा दवाखाना आणि मोतीची गोळी

दर मार्चमध्ये आमच्या कुत्र्याला, मोतीला, हार्टवर्मच्या (डासांमुळे हृदयात होणाऱ्या जंतांच्या) तपासणीला इथे नेते. पुढच्या पायातून थोडंसं रक्त घेतात, दहा मिनिटांत निकाल. यंदा भारतवारीच्या गडबडीत दोन महिने गोळी चुकली, जीव टांगणीला लागला होता. डॉक्टर रागावल्या नाहीत, नीट समजावलं: डास चावल्यापासून चाचणीत जंत कळायला सहाएक महिने लागतात, आज निगेटिव्ह आली तरी सहा महिन्यांनी परत आणा. हार्टगार्ड प्लस, म्हणजे हीच दरमहा द्यायची गोळी, मोती मिटक्या मारत खातो. ती मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारते, म्हणून तारीख पाळायचीच. मी कॅलेंडरवर लाल खूण करते. शनिवारी तासभर ताटकळावं लागतं, ते खरंच सुधारायला हवं. पण डॉक्टर फरशीवर मांडी घालून बसतात, तेव्हा मोतीचं थरथरणं थांबतं.