बोन्साय सीड किट: पाच महिने वापरून मग लिहितोय

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात आईने कुंडीतला वड बघितला, हातभर सुद्धा नाही पण पारंब्या वगैरे सगळं, आणि ती तिथून हलेचना. म्हणून मार्चमध्ये तिच्या वाढदिवसाला मी ऑनलाइन बोन्साय सीड किट मागवलं, ८९९ रुपये. कंपनीचं नाव देत नाही कारण अशी किटं बरेच जण विकतात आणि आतला माल साधारण सारखाच असतो.

पॅकिंग छान आहे. चार पाकिटं बी (जपानी मेपल, पाईन, गुलमोहर, जॅकरांडा), कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) दाबलेल्या चकत्या, तागाच्या छोट्या पिशव्या, एक कात्री. आईने सगळं टेबलावर मांडलं आणि म्हणाली, "अरे पण यात झाड कुठंय?" मी म्हटलं येईल ना बी लावलं की, पण आता कळतंय तिने पहिल्याच मिनिटाला मुद्द्यावर बोट ठेवलं होतं.

मेपल आणि पाईनचं एकही बी उगवलं नाही. नंतर वाचलं तर थंड प्रदेशातल्या झाडांच्या बियांना आधी हिवाळा लागतो, म्हणजे ओलसर वाळूत घालून दोन-तीन महिने फ्रीजमध्ये ठेवायचं आणि मग पेरायचं, ते पण मेपलला पुण्याचा एप्रिल झेपेल का हा प्रश्न राहतोच. किटमधल्या कागदावर फक्त "२४ तास भिजत ठेवा" एवढंच. याचा मला खरंच राग आला, कारण नवीन माणूस हे बघून समजतो की आपल्या हाताला गुण नाही. आईला आठवडाभर तसंच वाटत होतं. जॅकरांडाची रोपं आली पण मान टाकून गेली. गुलमोहर गरम पाण्यात भिजवून लावला तर दहा-बारा दिवसांत मस्त वर आला, पण गुलमोहराचं पान मोठं झालं की फूटभर लांब, ते बोन्सायच्या एवढ्याशा ट्रेमध्ये झाडासारखं दिसणार कसं?

आणि मूळ गोष्ट, बोन्साय म्हणजे बुटक्या जातीचं झाड नाही. साधंच झाड असतं, ते आधी जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत वाढवून खोड जाड करतात, मग फांद्या आणि मुळं छाटत छाटत उथळ ट्रेमध्ये आणतात. बी छोट्या पिशवीत लावलं तर खोड काडीसारखंच राहतं, वर्षानुवर्षं.

म्हणून एप्रिलमध्ये आईला घेऊन सोलापूर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये गेलो आणि १८० रुपयांत फायकस मायक्रोकार्पा (वडाच्याच कुळातलं झाड) आणला, खोड अंगठ्याएवढं, बुंध्याशी मुळं पसरलेली. घेताना तेच बघा, शेंडा नाही बघायचा. वरची माती बोटाने जरा बाजूला करून मुळं चारही बाजूंना आहेत का ते बघायचं, नर्सरीवाले काही बोलत नाहीत. ज्यांना खर्च नको त्यांनी जुन्या भिंतीत नाहीतर गच्चीच्या पाइपजवळ उगवलेला पिंपळ किंवा उंबर पावसाळ्यात मुळासकट काढून आणावा, आपल्या हवेत त्याच्याइतकं चिवट काही नाही.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर फायकस ट्रेमध्ये हलवला. भोकांवर जाळी, विटांचे चाळलेले बारीक तुकडे, जाड वाळू, थोडं गांडूळखत. मुळं तिसरा हिस्सा कापली, दोन आठवडे सावलीत ठेवला, नवीन फूट येईपर्यंत खत बंद. एक चूक मात्र माझ्याकडून झाली, एप्रिलमध्ये फांद्यांना २ एमएमची अॅल्युमिनियमची तार गुंडाळली होती, ती बघायची राहून गेली आणि पावसात फांदी इतकी फुगली की तार सालीत रुतली. वळ अजून आहे. तार सोडवताना उलटी उलगडू नका, कटरने तुकडे करून काढा, नाहीतर फांदी मोडते.

पाण्याचं विचाराल तर रोज अमुक कप असा नियम चालत नाही. वरचा थर बोटाला कोरडा लागला की भोकातून वाहेपर्यंत द्यायचं. उथळ ट्रेला मे महिन्यात दिवसातून दोनदा लागतं, आत्ता पावसात आठवडा कधीकधी तसाच जातो. आणि हॉलमधल्या टीपॉयवर ठेवू नका प्लीज, आमचा पूर्वेच्या बाल्कनीत आहे, सकाळचं चार तास ऊन मिळतं म्हणून पानं आता लहान आणि दाट यायला लागलीत.

तर किटला ५ पैकी २. त्यातला एक त्या कात्रीसाठी, ती खरंच चांगली आहे, आई रोज सकाळी चहाच्या आधी तीच घेऊन बाल्कनीत उभी असते. गुलमोहराची दोन रोपं जगलीत, ती दिवाळीत गावी नेऊन बांधावर लावणार आहोत.