फॅमिली बोटीसाठी छोटं टेंडर: एअर फ्लोअरवाल्या डिंगीचा सीझनभराचा अनुभव

टेंडर, म्हणजे मोठ्या बोटीवरून किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी बोट (डिंगी), घ्यायचं म्हटलं की बहुतेक जण आधी लांबी बघतात, मग किती एचपीचं इंजिन बसेल ते, आणि वजन सगळ्यात शेवटी. सीझनभर वापरून झाल्यावर मी ठामपणे सांगतो की क्रम बरोबर उलटा हवा. टेंडर बोटीवर राहणार कुठे आणि ते पाण्यात उतरवणार कोण, हे आधी ठरवा. जे टेंडर उतरवायला जड जातं ते उतरवलंच जात नाही, मग नांगर टाकून सगळे बोटीवर बसून किनारा लांबूनच बघतात.

आमची बोट दहा मीटरच्या आतली, मागे डेव्हिट (टेंडर टांगून ठेवायचे लोखंडी हात) नाहीत, म्हणजे टेंडर एकतर पुढच्या डेकवर पालथं बांधायचं नाहीतर गुंडाळून लॉकरमध्ये टाकायचं. माणसं चार, मी, बायको आणि दोन मुलं, आणि अधूनमधून आई येते. एवढं डोक्यात ठेवल्यावर फार पर्याय उरतच नाहीत. आम्ही घेतलं ते हवेने फुगवायचं, पीव्हीसीचं, 2.6 मीटरचं, तळही हवेचा आणि त्याखाली कील (तळाखालचा लांब कणा) तीही हवेची, वजन तीस किलोच्या आत. दोघं मिळून सहज उचलतो, आणि गरज पडली तर मुख्य शिडाचा हॅलयार्ड (शीड वर ओढायचा दोर) अडकवून एकटा माणूसही रेलिंगवरून पलीकडे सोडू शकतो.

तळाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खरा फरक तिथेच पडतो. सगळ्यात हलका आणि स्वस्त म्हणजे फळ्यांचा, स्लॅटवाला. तो गुंडाळताना फळ्या काढाव्या लागत नाहीत, पण पाय दोन फळ्यांच्या मधे पडला की खाली कापड दबतं आणि माणूस डगमगतो. दुसरा हवेचा, तिसरा अ‍ॅल्युमिनियम किंवा प्लायच्या तुकड्यांचा, जो चालायला मस्त घट्ट असतो पण जुळवायला कटकट आणि वजनही बरंच वाढतं. आणि चौथी म्हणजे रिब, खाली फायबर किंवा अ‍ॅल्युमिनियमचा कडक तळ. रिब चालवायला या सगळ्यांपेक्षा चांगली, यात वादच नाही, पण ती गुंडाळता येत नाही, तिला डेकवर कायमची जागा लागते किंवा डेव्हिट लागतात.

हवेचा तळ म्हणजे पोहण्याची गादी असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पूर्ण भरलेल्या तळावर उभं राहून बघावं. आत वरच्या आणि खालच्या थराला जोडणारे हजारो धागे असतात, त्यामुळे हवा भरली तरी तो फुगून गोल न होता सपाट आणि कडक होतो. अट एकच, प्रेशर पूर्ण हवं. ट्यूबना, म्हणजे कडेच्या फुगवायच्या नळ्यांना, साधारण 0.25 बार (हवेच्या दाबाचं माप) लागतं आणि तळाला 0.7 ते 0.8 बारच्या आसपास, म्हणजे जवळपास तिप्पट, आणि शेवटचे वीस-तीस पंप चांगलाच घाम काढतात. कंटाळून मधेच सोडलं तर तळ मधोमध वाकतो, पाणी तिथेच जमतं, मग लोक म्हणतात एअर फ्लोअर बेकार. सोबत आलेला पायाने दाबायचा पंप ट्यूबपुरता ठीक आहे, तळासाठी आम्ही वेगळा हाय प्रेशरचा हातपंप घेतला ज्याच्यावर गेज आहे, आणि तुम्हीही गेजवालाच घ्या, अंगठ्याने दाबून अंदाज करू नका. भरताना एक कप्पा पूर्ण आणि दुसरा रिकामा असं करायचं नाही, सगळे थोडे थोडे वर आणायचे, नाहीतर आतल्या पडद्यांवर ताण येतो.

आता उन्हाचं गणित, जे विकणारे सहसा सांगत नाहीत. सकाळी 15 अंशाला 0.25 बार भरून टेंडर डेकवर ठेवलं आणि दुपारी आतली हवा 45 अंशाला गेली, तर तेच प्रेशर 0.38 च्या आसपास जातं, म्हणजे दीडपट. काळ्या किंवा गडद ट्यूब असतील तर 45 अंश म्हणजे काहीच नाही. उलट उन्हात टणक वाटणारी बोट गार पाण्यात टाकली की थोड्या वेळात मऊ पडते आणि नवीन माणूस पंक्चर शोधत बसतो. आम्ही दुपारी डेकवर ठेवायचं असेल तर थोडी हवा सोडतो आणि पाण्यात उतरवल्यावर पुन्हा भरतो, हे आता मुलंसुद्धा न सांगता करतात.

ट्यूबचं कापड पीव्हीसी (प्लास्टिक) की हायपेलॉन (रबर) हा प्रश्न सगळेच विचारतात. हायपेलॉन ऊन जास्त सोसतं, पेट्रोल सांडलं तरी कमी बिघडतं, वर्षानुवर्षं टिकतं, पण महाग आणि सहसा जड. ड्युपॉन्टने या नावाचं मटेरियल बनवणं 2010 मध्येच थांबवलं, आता मिळतं ते इतरांचं त्याच जातीचं रबर, तरी सगळे हायपेलॉनच म्हणतात. टेंडर बारा महिने कडक उन्हात उघडं राहणार असेल तर पैसे तिकडे घाला. आमचं वापरून झालं की लॉकरमध्ये जातं, त्यामुळे पीव्हीसी पुरतं. मात्र पॅच लावायचा गोंद दोघांचा वेगळा असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही, किट घेताना नीट बघून घ्या. आणि पीव्हीसी साफ करायला अ‍ॅसिटोन, थिनर असलं काही चोळू नका, गोडं पाणी आणि साधा साबण बास.

इंजिनात आम्ही इलेक्ट्रिक घेतलं, साधारण एक किलोवॉटवालं, ज्याची बॅटरी वेगळी निघते. कारण परत वजनच. अडीच एचपीचं पेट्रोल फोर स्ट्रोक तेरा ते सतरा किलोचं एकसंध धूड असतं आणि ते हलत्या बोटीवरून खाली हलत्या टेंडरमध्ये द्यायचं हे काम माझ्या बायकोला अजिबात आवडत नव्हतं, तिचं म्हणणं रास्तच होतं. इलेक्ट्रिकचे दोन तुकडे वेगवेगळे खाली जातात. बॅटरी एक युनिटच्या आसपास, म्हणजे फुल थ्रॉटलला जेमतेम तासभर, पण अर्ध्या वेगावर आलात तर तीच बॅटरी कितीतरी लांब नेते. अडीच एचपीनेसुद्धा चार माणसं बसलेलं टेंडर काही पाण्याच्या वर उठून सुसाट पळत नाही, वेग पायी चालण्यापेक्षा थोडा जास्त एवढाच, मग आवाज आणि पेट्रोलचा वास कशाला. मुक्काम लांब लांब असतील आणि बोटीवर चार्जिंगची सोय नसेल तर मात्र पेट्रोलच घ्या, कॅन ओतला की पुन्हा सुरू.

वल्ही सोबत येतात ती आखूड असतात आणि फुगवलेली बोट वाऱ्यात पानासारखी वाहते, हे खरंच मनावर घ्या. एकदा किनाऱ्यावरून निघताना वारा वाढला होता, मी मुद्दाम इंजिन बंद करून वल्हवून बघितलं, वाऱ्याच्या विरुद्ध जोर लावून मारत होतो तरी किनाऱ्यावरचं खुणेचं झाड तिथल्या तिथेच. म्हणून छोटा नांगर आणि भरपूर दोर, टॉर्च, पंप हे टेंडरमध्ये कायम, अंतर कितीही थोडं असो. लाइफ जॅकेट सगळ्यांना, मोठ्यांनाही. आणि किल कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) किंवा मॅग्नेटची चावी मनगटाला अडकवल्याशिवाय इंजिन सुरू नाही, हा आमच्याकडे नियम.

आईला चढवणं ही माझी सगळ्यात मोठी काळजी होती. पुढून मागून दोन्ही दोर आवळून टेंडर बोटीला चिकटवायचं, एक जण आधी आत बसायचा, आणि तिने शिडीवरून पाय ट्यूबवर न देता थेट तळाच्या मधोमध द्यायचा आणि लगेच बसायचं. तळ कडक असल्यामुळे पाय आत जात नाही, तिला तेवढ्यानेच धीर येतो. दुसऱ्या खेपेपासून तिने माझा हात धरणं सोडून ट्यूबवरचा दोर धरायला सुरुवात केली.

मागे बांधून ओढत नेणं आम्ही फक्त शांत पाण्यात आणि जवळच्या अंतरात करतो, इंजिन काढून, दोन्ही कड्यांना दोर बांधून. मागून लाटा असल्या की टेंडर सुसाट येऊन बोटीवर आदळतं, आणि वारा जोराचा असला तर रिकामं उलटतं. बंदरात शिरताना दोर आखूड करायला विसरू नका, नाहीतर रिव्हर्स मारताना प्रोपेलरमध्ये.

तक्रारी आहेत. बसायचा बाक घसरतो, उचलायचे हँडल मागच्या बाजूला चुकीच्या जागी आहेत, आणि ट्यूब व तळाच्या खाचेत वाळू जाऊन बसते जी घासून कापड झिजवते, दर वेळी तळ सैल करून पाण्याने धुवावीच लागते. मधे एक कप्पा रात्रीत मऊ पडायला लागला, साबणाचं पाणी लावलं तर व्हॉल्व्हच्या कडेने बारीक बुडबुडे, किटमधल्या चावीने व्हॉल्व्ह आवळला आणि प्रश्न संपला. ओलं गुंडाळलं तर बुरशी धरते, आणि आठवडेच्या आठवडे पाण्यात सोडलं तर खाली शेवाळ आणि बार्नकल (चिकटून बसणारे शिंपल्यासारखे जीव), तेव्हा रात्री वर उचलाच, चोरीपासूनही तेच बरं. बोटीचं नाव टेंडरवर लिहू नका, किनाऱ्यावर ते उभं दिसलं की मालक बोटीवर नाही हे कोणालाही कळतं.

घेण्याआधी दोन गोष्टी करा. ट्रान्समवरची (इंजिन बसतं त्या मागच्या फळीवरची) प्लेट वाचा, त्यावर माणसं, एकूण किलो आणि जास्तीत जास्त एचपी लिहिलेलं असतं, आणि माणसांचा आकडा गाठला म्हणजे सामानाला जागा उरेलच असं नाही. आमच्यावर चार लिहिलंय, आई आली की आम्ही दोन फेऱ्या मारतो. आणि दुसरं, तिथेच हवा सोडायला लावून स्वतःच्या हाताने गुंडाळून पिशवीत भरून बघा, आणि आपल्या लॉकरच्या तोंडाचं माप खिशात ठेवूनच जा.