कवळी: डिजिटल करायची की साधी?

मुंबईत हल्ली कवळी करायला गेलं की डॉक्टर विचारतात, "साधी करायची की डिजिटल?" दोन्हींच्या दरात फरक भरपूर असतो, त्यामुळे आई-बाबांची कवळी करायची तर घरात खल सुरू होतो. मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो, दोन्ही प्रकार रोज हाताखालून जातात. माझं मत आधीच सांगून टाकतो. वरची कवळी दोन्ही पद्धतींनी छान होते. खालची दोन्ही पद्धतींनी छळते. आणि कवळी बिघडलीच, तर ती बहुतेक वेळा माप घेतानाच बिघडलेली असते.

साध्या कवळीला साधारण पाच खेपा लागतात. आधी ढोबळ माप, त्यावरून त्या जबड्यापुरता माप घ्यायचा खास ट्रे. मग त्या ट्रेने बारीक माप. तिसऱ्या खेपेला मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून जबडे कुठे आणि किती उंचीवर मिळतात ते ठरवायचं. चौथ्या खेपेला मेणात रचलेल्या दातांची ट्रायल, पाचव्याला कवळी हातात. नंतर टोचेल तिथे घासून घ्यायला एक-दोन चकरा होतात, त्या डिजिटलमध्येही चुकत नाहीत, जाहिरात काहीही म्हणो.

लॅबमध्ये ती मेणाची कवळी प्लास्टरच्या साच्यात बसवून मेण वितळवून काढतात, त्या पोकळीत कणकेसारखं मळलेलं अ‍ॅक्रिलिक दाबून भरतात आणि फ्लास्क, म्हणजे साच्याचा धातूचा डबा, गरम पाण्यात शिजवायला ठेवतात. 1930च्या दशकाच्या अखेरीपासून हे तंत्र जवळपास तसंच चालत आलंय. घाईने तापवलं तर आत बुडबुडे राहतात. हळू तापवलं तरी अ‍ॅक्रिलिक थोडं आकसतंच, आणि त्याचा फटका जास्त करून टाळूच्या मागच्या कडेला बसतो. वरची कवळी खाली पडत नाही, त्यात या कडेचा मोठा वाटा असतो. म्हणून अनुभवी माणूस साच्यात त्या जागी थोडं खरवडून ठेवतो, म्हणजे कवळीला तिथे जास्तीची कड येते. हे हातावरचं काम आहे. हात चांगला असेल तर साध्या कवळीत काहीही कमी पडत नाही.

डिजिटल म्हटलं की दोन अगदी वेगळ्या वस्तू त्यात येतात, आणि बरेच जण इथेच फसतात. पहिली मिल्ड. कारखान्यात मोठ्या दाबाखाली आधीच पक्क्या केलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या जाड चकतीतून मशीन कवळी कोरून काढतं. आकसायचं ते चकती बनतानाच आकसून झालेलं असतं, त्यामुळे कवळी टाळूला जास्त नेमकी बसते. छिद्रं कमी, म्हणजे घाण धरायला जागाही कमी. कच्चा दुवा म्हणजे दात. बऱ्याच मिल्ड कवळ्यांत ते नंतर चिकटवलेले असतात, आणि ते काम नीट झालं नसेल तर एखादा दात चकली खाताना हातात येतो.

दुसरी प्रिंटेड. द्रवरूप रेझिन प्रकाशाने थरावर थर घट्ट करत छापतात, मग धुऊन पुन्हा प्रकाशात पक्कं करतात. ही मिल्डपेक्षा स्वस्त आणि झटपट होते. पण मजबुती आणि रंग टिकणं यात ती साधारणपणे मिल्डच्या मागे आहे. दातही लवकर झिजू शकतात, आणि चहा, हळद, पान यांचे डाग धरते. ट्रायलसाठी, तात्पुरत्या वापरासाठी, जादा जोडी म्हणून उत्तम. कायमची म्हणून मिल्डच्या दरात कोणी देत असेल, तर मी घेणार नाही. तेव्हा दवाखान्यात पहिला प्रश्न हाच: मिल्ड की प्रिंटेड? उत्तर बिलावर लिहून घ्या.

आता मापाचं. स्कॅनर तोंडात फिरवला की झालं, असं लोकांना वाटतं. दात नसलेल्या तोंडात ते तितकं सोपं नाही. हिरडी ओली आणि गुळगुळीत, स्कॅनरला पकडायला खुणा सापडत नाहीत. शिवाय गाल आणि जीभ हलताना कवळीची कड कुठपर्यंत यावी, हे नुसत्या स्कॅनमधून कळत नाही. त्यासाठी ट्रेच्या कडेला हिरव्या कंपाउंडची कांडी मऊ करून लावतात आणि रुग्णाला गाल फुगवायला, ओठांचा चंबू करायला, जीभ बाहेर काढायला लावतात. म्हणून अनेक चांगले डॉक्टर डिजिटल कवळीसाठीही ट्रेनेच माप घेतात आणि नंतर ते स्कॅन करतात. "डिजिटल म्हणता आणि तोंडात तेच कोंबता?" असं म्हणून वाद घालू नका. दोन मिनिटांत स्कॅन उरकून "झालं" म्हणणाऱ्याकडे मात्र थोडं संशयाने बघा.

ट्रायलच्या बाबतीत माझा कौल साध्या पद्धतीला. दात मेणात असतात, त्यामुळे पुढचा दात आईचा होता तसा किंचित तिरका हवा असेल तर डॉक्टर हत्यार गरम करून तिथल्या तिथे हलवतात. मग साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावायचे. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, सगळे स-ष्टने भरलेले. शिट्टी वाजली किंवा दातावर दात खटखटले की दातांची जागा किंवा उंची चुकलीय. डिजिटल ट्रायल बहुधा छापून येते, दात एकसंध, त्यामुळे मोठा बदल स्क्रीनवर करून पुन्हा छापावं लागतं. मेणाचा एक तोटाही मुंबईचाच आहे. लॅबचा माणूस मे महिन्यात भर दुपारी ट्रायल स्कूटरच्या डिकीत ठेवून तीन दवाखाने फिरला, की दात सरकतात आणि चावा जुळत नाही. डिजिटल कवळीच्या कॉम्प्युटरमधल्या फाइलला उन्हाची भीती नाही.

खालच्या जबड्यावर कवळीला टेकायला वरच्याच्या जवळपास निम्मीच जागा मिळते, शिवाय जीभ सतत ढकलत असते. दात काढल्यावर हाड झिजतं, पहिल्या वर्षात सर्वात जास्त. हाड सपाट झालं असेल तर मिल्ड कवळीवर जादा पैसे घालण्यापेक्षा खाली दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रुतवलेले स्क्रू, बसवून त्यावर अडकणाऱ्या कवळीचा विचार करा. दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असं कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने 2002 मध्येच म्हटलंय. मधुमेह, हाडांच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. आणि दात नुकतेच काढले असतील, तर महागडी कवळी लगेच करूच नका. हिरडी बसेल, कवळी सैल होईल, अस्तर बदलावं लागेल.

डिजिटलचा खरा फायदा मला दोन ठिकाणी दिसतो. एक, खेपा. डॉक्टर सरावलेला असेल तर दोन-तीन खेपांत काम होतं. सत्तरी ओलांडलेल्या बाबांना बदलापूरहून लोकलने दादरला आणायचं, पुलाचे जिने चढवायचे, म्हणजे प्रत्येक वाचलेली खेप मोलाची. दुसरं, फाइल. कवळ्या हॉस्पिटलात टिश्यूत गुंडाळून कचऱ्यात जातात, कोकणच्या गाडीत बेसिनमध्ये पडतात. फाइल असेल तर पुन्हा माप न देता तशीच दुसरी करता येते, हिरडी फार बदललेली नसली तर. विस्मरणाचा त्रास असलेल्या माणसासाठी मी एवढ्याच कारणाने डिजिटल सुचवतो. फाइल कोणाकडे राहणार, किती वर्षं, हे आधी विचारा.

दुरुस्तीत साधी सरस. मधोमध तुटली तरी गल्लीतली कुठलीही लॅब बहुधा त्याच दिवशी जोडून देते. मिल्डही अ‍ॅक्रिलिकचीच, ती जुळते. प्रिंटेडला त्या रेझिनशी जमणारं साहित्य लागू शकतं, म्हणून जिथे केली तिथेच न्यावी.

पैसे मोजके असतील आणि घाई नसेल, तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहेच. तिथे विद्यार्थी काम करतात आणि वरिष्ठ ते तपासतात. वेळ आणि खेपा जास्त जातात, पण माप घाईत उरकलं जात नाही. कुठेही जा, जुनी कवळी आणि दात असतानाचा हसरा फोटो बरोबर न्या. दातांची लांबी आणि ठेवण ठरवताना दोन्ही लागतात.