प्रिंटर कॅलिब्रेट करायचं मशीन: रंग जुळले, पण आधी घाम काढला

चार महिने वापरून मग लिहितोय. माझ्या इंकजेटवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला की कधी हिरवट झाक तर कधी गुलाबी, म्हणून वैतागून हे स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजायचं मशीन, घेतलं. काम तसं सोपंय, रंगांचे चौकोन छापायचे, त्यावरून मशीन फिरवायचं, ते मोजून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल बनवतं, म्हणजे त्या कागदावर कोणता रंग कसा उमटतो याची फाइल. पण सोबतच्या पुस्तिकेत मुख्य गोष्टच धड सांगितलेली नाही, की चौकोन छापताना प्रिंटरच्या ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट (रंग आपोआप बदलायची सेटिंग) बंद ठेवायचं आणि नंतर सॉफ्टवेअरमधून प्रोफाइल लावून फोटो छापतानाही ते बंदच, कारण दोघंही रंग बदलायला लागले की माणसांचे चेहरे लालजांभळे होतात, माझे सात-आठ ग्लॉसी कागद असेच गेले राव. आणि छापल्या छापल्या मोजू नका, शाई वाळताना रंग सरकतो, मी आता रात्रभर ठेवतो. चौकोन छापायच्या आधी नोझल चेक (शाईची छिद्रं तुंबलीत का ते बघायची चाचणी छपाई) करा, एक बारीक रेघ जरी तुटली असेल तरी सगळं मोजमाप वाया.

आता राखाडी खरंच राखाडी येतो. मशीन फिरवून चौकोनांची ओळ वाचताना मात्र कटकट आहे, हात जरा जोरात सरकला की तीच ओळ परत. कागद किंवा शाई बदलली की नवं प्रोफाइल लागतंच, हे विकताना कोणी बोलत नाही. आणि प्रिंट ५००० केल्विनच्या, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या उजेडात बघा, पिवळ्या बल्बखाली बघून मशीनला शिव्या घालू नका, मी घातल्यात.