घर विकणाऱ्याच्या बाजूने होम वॉरंटी : टेक्सासमधील अनुभव आणि मत

डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरातले आमचे जुने घर गेल्या उन्हाळ्यात विकायला काढले, तेव्हा विक्रेता म्हणून आम्ही होम वॉरंटी घेतली होती. ही सेवा सहसा घर घेणाऱ्याच्या सोयीची मानली जाते, आणि तिच्याविषयीचे अभिप्रायही बहुतेक घर घेतलेल्यांचेच, त्यातले पुष्कळसे चिडून लिहिलेले असतात. विकणाऱ्याच्या हाती तिच्यातून काय पडते, याविषयी मात्र फार थोडे वाचायला मिळते. घरातली यंत्रे जुनी असूनही चालू स्थितीत असतील, तर विक्रेत्याने हा खर्च अवश्य करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुरुस्तीच्या बिलात बचत होते हे खरे, पण ठरलेला व्यवहार मध्येच फिसकटू न देणे हा तिचा त्याहून मोठा उपयोग आहे.

होम वॉरंटी म्हणजे घराचा विमा नव्हे. गारपिटीने छप्पर फुटले किंवा आग लागली, तर विमा कामाला येतो. एसी, वॉटर हीटर, वायरिंग, नळजोडण्या, डिशवॉशर यांसारख्या गोष्टी रोजच्या वापराने झिजून बंद पडल्या, तर होम वॉरंटी. टेक्सासच्या कायद्यात याला निवासी सेवा करार म्हणतात, आणि असे करार विकणाऱ्या कंपन्यांवर २०२१ पासून राज्याच्या परवाना व नियमन विभागाची देखरेख आहे. साधारण वर्षभराच्या कराराला ५०० ते ७०० डॉलर पडतात, आणि प्रत्येक तक्रारीच्या वेळी तंत्रज्ञ घरी आला की ७५ ते १२५ डॉलरची सर्व्हिस फी वेगळी द्यावी लागते. दुरुस्ती कितीही मोठी निघाली, तरी कराराच्या मर्यादेपर्यंतचा बाकीचा खर्च कंपनीचा.

विक्रेत्यासाठी यात एक खास सोय असते. घर बाजारात आल्यापासून व्यवहार पूर्ण होईपर्यंतच्या काळासाठी अनेक कंपन्या संरक्षण देतात आणि कराराचे पैसे थेट क्लोजिंगच्या वेळी, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर नव्या मालकाच्या नावावर होताना, विक्रीच्या रकमेतून घेतात. म्हणजे घर विकले जाण्याआधी खिशातून जाते ती फक्त सर्व्हिस फी. क्लोजिंगनंतर तोच करार घर घेणाऱ्याच्या नावाने पुढे वर्षभर चालू राहतो.

या सोयीचे मोल आम्हाला जुलैत कळले. घर पाहायला येणाऱ्यांची सर्वाधिक गर्दी शनिवार-रविवारी असते, आणि नेमक्या त्याआधीच्या गुरुवारी वरच्या मजल्याचा एसी थंड हवा देईनासा झाला. बाहेर पारा शंभर फॅरनहाइटच्या पुढे होता. अंगणातल्या युनिटमधून नुसती घरघर ऐकू येत होती, पंखा मात्र जागचा हलत नव्हता. कंपनीने आधी पुढच्या आठवड्यातली वेळ दिली, आणि हा या सेवेचा सर्वांत मोठा दोष आहे, असे मी म्हणेन : उन्हाळ्यात त्यांच्याकडे तंत्रज्ञ कमी पडतात आणि कोणाकडून काम करून घ्यायचे हे आपल्या हाती नसते. आमच्या एजंटबाईंनी फोन करून, घर विक्रीला आहे हे पटवून दिल्यावर शुक्रवारी संध्याकाळी माणूस आला. त्याने युनिटची बाजूची पत्र्याची झडप काढून आतला चंदेरी कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू करून देणारा विजेचा भाग, दाखवला. एरवी सपाट असणारे त्याचे झाकण वर फुगून आले होते. तो बदलायला अर्धा तासही लागला नाही. बाहेरून माणूस बोलावला असता तर याच कामाला सर्व्हिस फीच्या दुप्पट-तिप्पट पैसे सहज गेले असते, तरीही मी त्या बचतीला फार महत्त्व देत नाही. घामाघूम होऊन घर पाहणारे कुटुंब ते घर मनातून काढून टाकते, आणि ते नुकसान कुठल्याही बिलावर दिसत नाही.

खरी कसोटी लागली ती घासाघिशीच्या वेळी. टेक्सासमध्ये करारावर सह्या झाल्यावर घर घेणाऱ्याला थोडी रक्कम भरून काही दिवसांचा ऑप्शन पीरियड मिळतो; त्या मुदतीत तो इन्स्पेक्शन, म्हणजे तज्ज्ञाकडून घराची तपासणी, करवून घेतो आणि कोणतेही कारण न देता माघार घेऊ शकतो. आमच्या इन्स्पेक्शनच्या अहवालात ‘चालू आहे, परंतु अपेक्षित आयुष्याच्या अखेरीस आले आहे’ असा शेरा एसी आणि वॉटर हीटर या दोन्हींवर होता. असा शेरा आला की समोरून किंमत कमी करण्याची मागणी ठरलेलीच. नवा एसी बसवायला ८,००० ते १०,००० डॉलर सहज लागतात, आणि चालू असलेल्या यंत्रासाठी एवढी सूट देणे विक्रेत्याला जड जाते. आम्ही वॉरंटीतला एसीचा भाग वरच्या दर्जाचा करून दिला आणि वॉटर हीटरपोटी किरकोळ रक्कम सोडली. तेवढ्यावर समोरचे कुटुंब राजी झाले. वॉरंटी म्हणजे नवे यंत्र नव्हे, हे त्यांच्या एजंटलाही ठाऊक होते. परंतु पहिल्यांदाच घर घेणाऱ्या तरुण जोडप्याची सगळी शिल्लक डाउन पेमेंटमध्ये गेलेली असते, आणि पहिल्याच वर्षी मोठा खर्च अंगावर आला तर काय, ही त्यांची धास्ती रास्त असते. त्या धास्तीला आपण लेखी उत्तर देऊ शकलो, तर किमतीवरचा ताण आपोआप सैल होतो.

ज्यांनी आधी वॉरंटी घेतलेली नाही त्यांच्यासाठीही मार्ग खुला असतो. टेक्सासच्या छापील विक्री करारात सातव्या परिच्छेदात यासाठी स्वतंत्र कलम आहे : घर घेणाऱ्याने सेवा करार घेतला, तर त्याची किंमत विक्रेता किती डॉलरपर्यंत भरून देईल, तो आकडा तेथे लिहायचा असतो. घासाघिशीत हा आकडा फार उपयोगी पडतो, कारण तो लहान असतो आणि ठरलेला असतो.

क्लोजिंग होऊन काही आठवडे लोटल्यावर त्या घरातला वॉटर हीटर तळाशी गळू लागला. हे आम्हाला कळले तेही एजंटबाईंकडून, सहज बोलण्याच्या ओघात. नव्या मालकांनी कंपनीला फोन केला होता आणि हीटर बदलूनही झाला होता. वॉरंटी नसती तर पहिला फोन कोणाला गेला असता आणि ‘तुम्हाला आधीच माहीत होते’ हा आरोप किती लवकर आला असता, याची कल्पना घर विकलेल्या कोणालाही करता येईल.

तथापि या सेवेच्या मर्यादा नीट समजून घेतल्याशिवाय कोणी सही करू नये. आधीपासून माहीत असलेला बिघाड, निगा न राखल्याने झालेला बिघाड आणि चुकीच्या पद्धतीने बसवलेले यंत्र या तीन कारणांवरून दावे सर्वाधिक नाकारले जातात. म्हणून एसीच्या वार्षिक सर्व्हिसिंगच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि क्लोजिंगच्या वेळी नव्या मालकाच्या हाती द्याव्यात. दावा पुढे त्यांना करायचा असला, तरी नाकारला गेल्यास नाराजी आपल्याच नावाने राहते. विक्रेत्याच्या काळात एसीसाठी काही करारांत वेगळी, बरीच कमी मर्यादा असते, ती आधी वाचावी. आर-२२ या थंडावा देणाऱ्या वायूवर चालणारा जुना एसी असेल तर विशेष जपावे. अमेरिकेत त्या वायूचे नवे उत्पादन आणि आयात २०२० पासून बंद आहे, तो महाग झाला आहे, आणि तो भरण्याच्या खर्चावर अनेक करार मर्यादा घालतात. डॅलसच्या चिकणमातीत घरांचे पाये हलतात, आणि विक्रेत्याची सर्वांत मोठी काळजी तीच असते. पण पाया या करारात येतच नाही.

टेक्सासच्या मालमत्ता कायद्यानुसार विक्रेत्याने घरातल्या ज्ञात दोषांचे निवेदन लिहून द्यायचे असते, आणि वॉरंटी त्या निवेदनाची जागा घेऊ शकत नाही. ठाऊक असलेली गळती झाकून वॉरंटी पुढे करणे ही सरळ फसवणूक आहे, आणि तसा सल्ला देणारा भेटला तर तो एजंट बदलावा. एजंटला वॉरंटी कंपनीकडून मोबदला मिळत असेल, तर ते लेखी सांगण्यासाठी राज्याचा वेगळा फॉर्म आहे. तो मागून घ्यावा.

पुण्या-मुंबईहून आलेले आप्त विचारतात की असे आपल्याकडे का नाही. भारतातल्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते, पण ती नव्या बांधकामापुरती. जुना फ्लॅट विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभी राहणारी अशी रुळलेली व्यवस्था तिथे नाही, आणि ती असायला हवी असे मला मनापासून वाटते.

ज्यांचे घर नवे आहे आणि ज्यांच्याकडे बिल्डरची किंवा यंत्राच्या उत्पादकाची वॉरंटी अजून शिल्लक आहे, त्यांना या खर्चाची गरज नाही. ती कागदपत्रे नव्या मालकाच्या नावे करता येतात का, एवढे पाहावे. घर पाडून जागेवर नवे बांधणाऱ्या गुंतवणूकदाराला विकत असाल तरीही पैसे वाया जातील. बदलीमुळे आधीच दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्यांनी मात्र ही सेवा जरूर घ्यावी, आणि तंत्रज्ञाला दार उघडून द्यायची जबाबदारी एजंटकडे राहील, हे लिस्टिंगच्या, म्हणजे घर विक्रीला काढण्याच्या, वेळीच लेखी ठरवून घ्यावे.